शब्द कुणाचा?

रविवारची उपासना संपते, माणसं पांगतात, बाहेर चहाच्या गप्पा सुरू होतात, आणि कुणीतरी मागे रेंगाळून पाळकांना हळूच विचारतं, "मी क्षमा मागितली, पण ती मिळाली हे मला कळायचं कसं?" विचारणारा बहुधा नवखा नसतो. आजोबा नगर-जालन्याकडून गिरणीत कामाला आले तेव्हापासून ते घर मंडळीत असतं. बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, दृढीकरण वेळेवर, वर्गणी कधी थकलेली नाही. कॅथलिकांमध्येही अशी माणसं असतात. गोव्याकडच्या घरांत ज्याला कुमसार म्हणतात ती पापांची कबुली देऊन, फादरांच्या तोंडून पापमुक्तीचे शब्द ऐकून ती बाहेर पडतात, आणि पुढच्या वेळी तेच जुनं पाप पुन्हा सांगायला येतात. देव क्षमा करणारा आहे, हे त्यांना पूर्ण मान्य असतं. मला केली का, इथे घोडं अडतं.

या माणसाला बहुतेक वेळा आत बघायला सांगितलं जातं. मनाला शांती वाटते का? प्रार्थनेत डोळे भरून येतात का? ते पाप आता नकोसं वाटतं का? सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो, पण मला तो धोक्याचा वाटतो. ज्याचं मन आधीच त्याच्यावर खटला चालवतंय, त्याला निकाल आणायला त्याच मनाकडे कसं पाठवायचं? सारखा थर्मामीटर लावून ताप उतरत नाही, उलट घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. शंकेखोर माणूस जितका आत डोकावतो तितकं त्याला आणखी काहीतरी सापडतं, कारण आत तसं पुष्कळ असतंच.

मग बघायचं कुठे? इथे मला मुंबईतल्या शिवडीच्या जमिनीशी जोडलेली एक जुनी सरकारी भानगड आठवते. धर्मशास्त्राच्या पुस्तकात ती सापडायची नाही.

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या जागेवर पूर्वी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, १८६५ ते १८७१ या काळातले. त्यांच्या कारकिर्दीत ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली. ज्यांच्या नावाने क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा फुले मंडई, ओळखलं जातं तेच हे गृहस्थ. पुढे ते पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर झाले आणि १८८८ साली लाचखोरीच्या आरोपांत सापडले. बदल्या आणि बढत्यांसाठी हाताखालच्या मामलेदारांकडून मध्यस्थामार्फत पैसे घेतले जात, असा तो आरोप होता. पण सिद्ध कसा करणार? पैसे दिले हे फक्त देणाऱ्यालाच ठाऊक, आणि त्याने ते सांगितलं की तोही गुन्हेगार ठरणार. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने मामलेदारांना अभय दिलं. खरं सांगा, तुम्हाला धक्का लागणार नाही. त्या शब्दावर विसंबून त्यांनी तोंड उघडलं.

पुढे काय झालं ते मराठी माणसाने विसरू नये असं आहे. चौकशी आयोगापुढे लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. अधिकारक्षेत्रातल्या लोकांकडून कर्ज काढल्याच्या ठपक्यावर क्रॉफर्ड नोकरीतून गेले खरे, पण वादळ आलं ते मामलेदारांवर. लाच दिल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलेली माणसं न्यायदानाच्या खुर्चीत कशी बसू शकतात, असा ओरडा विलायतेत झाला. मुंबई सरकारने दिलेला शब्द वरच्यांना पूर्णपणे पाळावासा वाटला नाही, आणि काही जणांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. १८८९ मध्ये पुण्यात याविरुद्ध सभा झाली. तीत बाळ गंगाधर टिळक पुढे होते, आणि त्यांचा मुद्दा साधा होता. मामलेदार निष्पाप आहेत असं त्यांना म्हणायचं नव्हतं, सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळावा एवढंच त्यांचं म्हणणं होतं. (याच टिळकांचे पुढच्या काळातले वकील आणि सहकारी, माझगावचे जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा, १९३० साली शिवडीच्या याच दफनभूमीत विसावले.)

मामलेदारांच्या या प्रकरणातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की अभय आधी आलं, कबुली नंतर. नुसत्या दरडावण्याने ती माणसं बोलली नसती. योहानाच्या पहिल्या पत्रातही पाप पदरी घेण्याची गोष्ट क्षमेच्या वचनाला लागूनच येते. देव विश्वासू आणि न्यायी आहे, म्हणून कबूल करायला हरकत नाही, असा तिथला सूर आहे. दुसरी गोष्ट कडू आहे. शब्द देणाऱ्याच्या वर आणखी कुणी बसलेला असेल, तर शब्द कितीही प्रामाणिकपणे दिलेला असो, तो फिरू शकतो. लॉर्ड रे यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. त्यांच्या डोक्यावर लंडन होतं, एवढंच. ख्रिस्ती माणूस ज्याच्याकडे क्षमा मागतो त्याच्या डोक्यावर कुणी नाही. त्याचा निकाल फिरवायला अपिलाचं कोर्टच नाही. संपूर्ण खात्री या एका गोष्टीवर उभी आहे, आणि आपल्या मनाच्या चढउताराशी तिचा संबंध येतो तो फार नंतर.

हे म्हणायला सोपं, पण एका असामान्य बाईला ते उमगायला आठ वर्षं लागली. मामलेदारांचं प्रकरण तापलेलं असतानाच, ११ मार्च १८८९ रोजी, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. त्यांचं बालपण तीर्थांमागून तीर्थं करण्यात गेलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, आई लक्ष्मीबाई शास्त्र शिकलेल्या, आणि सगळं कुटुंब उपास, व्रतं, दानधर्म, पुराणकथन यात बुडालेलं. होतं नव्हतं ते पुण्यासाठी देऊन टाकलं, आणि दुष्काळात आईवडील व बहीण गेली. आपल्याला काय केलं म्हणजे पुरेल, हा प्रश्न त्या मुलीने पुस्तकात वाचून मिळवलेला नव्हता. तो तिच्या घरात भुकेसकट राहत होता.

इंग्लंडमध्ये गेल्यावर लंडनच्या फुलम भागात, वाँटेजच्या भगिनींनी चालवलेल्या आश्रमात, त्यांनी समाजाने टाकून दिलेल्या बायकांना प्रेमाने वागवलेलं पाहिलं. असं का करता, म्हणून विचारलं, तेव्हा तिथल्या एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. योहानाच्या शुभवर्तमानातली ती विहिरीकाठची भेट आणि तो आश्रम, हे त्यांना फार भिडलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि लहानग्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. गोष्ट इथे पूर्ण झाली असं आपल्याला वाटतं. रमाबाईंना तसं वाटलं नाही.

१९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला आहे, ख्रिस्त नाही. देवासमोर उभं राहायची आपली तयारी नाही, आपण त्याचं मूल आहोत याची आतली साक्ष आपल्यापाशी नाही. तोवर त्यांनी काय केलं नव्हतं? अमेरिका पालथी घातली होती, विधवांसाठी पैसा उभा केला होता, शाळा काढली होती, टीका सोसली होती, बायबल अभ्यासलं होतं. इतकं करूनही ती एक गोष्ट हाती लागत नव्हती. मला वाटतं, इतकं केल्यामुळेच ती लागत नव्हती. ज्याच्या पदरी चांगल्या कामांचा ढीग असतो त्याला त्या ढिगावरून खाली उतरणं जास्त जड जातं. शोमरोनी बाईला क्षमा मिळते हे त्यांना लंडनमध्ये एका ऐकण्यात पटलं होतं. तशीच क्षमा पंडिता, सरस्वती म्हणून गौरवलेल्या स्वतःलाही हवी आहे आणि ती तशीच, फुकट, घ्यावी लागणार आहे, हे पटायला १८९१ उजाडलं.

याच सुमाराला त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन आलं. हे हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावचे पाळक, विधींच्या बाबतीत काटेकोर, स्वतःच्या चर्चचा अभिमान असलेले. त्यांचा माळी क्षयाने अंथरुणाला खिळला. निरोगीपणी ज्या शिकवणीवर त्याचं भागत होतं ती आता पुरेना. त्याने आपल्या पाळकांना बाजूला ठेवलं आणि भलत्याच पंथाच्या माणसाला बोलावलं. त्याच्याबरोबर प्रार्थना करून त्या माळ्याला शांती मिळाली, आणि हॅस्लम चिडले. आपण इतकं शिकवलं आणि हा असा फिरला! पुढे रॉबर्ट एट्किन नावाच्या ज्येष्ठ पाळकांकडे त्यांनी हे गाऱ्हाणं नेलं, तेव्हा एट्किन यांनी सुनावलं की तुम्हाला स्वतःला ही शांती ठाऊक असती तर तुम्हाला राग आला नसता, आनंद झाला असता.

१८५१ सालच्या एका रविवारी हॅस्लम प्रवचनपीठावर चढले ते पार हादरलेल्या मनाने. त्या दिवशीचा शास्त्रपाठ समजावून सांगता सांगता, बोलण्याच्या ओघात, त्यांना स्वतःलाच कळलं की आपण हे जे लोकांना सांगतोय ते आपल्यासाठीही आहे. चेहरा, आवाज, सगळंच बदललं असावं. श्रोत्यांतला एक मेथडिस्ट उपदेशक उभा राहून ओरडला की पाळकबुवांचंच परिवर्तन झालं! चर्चमध्ये एकच गलका उडाला. मला ही कथा आवडते ती त्यातल्या किंचित फजितीमुळे. खात्री मिळाली ती एकांतात, ध्यानाला बसून, स्वतःचं मन तपासताना नव्हे. दुसऱ्यांसाठी वचन मोठ्याने वाचताना ते त्यांच्या कानावर पडलं. रमाबाईंना हा प्रसंग का भिडला असेल हे कळतं. त्याही दुसऱ्यांनाच द्यायला निघालेल्या होत्या. त्यांच्या साक्षीतला पुढचा टप्पा असा की विचार करून करून काही हाती लागेना, स्वतःचं सगळं बळ संपलं, आणि मग काहीही अट न घालता त्यांनी स्वतःला तारणाऱ्याच्या हवाली केलं.

कॉर्नवॉलला मेथडिस्टांचं पाणी लागलेलं, आणि मेथडिस्टांचे जॉन वेस्ली हे खात्रीचं गाजलेलं उदाहरण. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये एका सभेत ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, मनात एकाएकी ऊब दाटली आणि आपली पापं खरंच दूर झाली, असा विश्वास त्यांना वाटला. मेथडिस्ट मंडळींत हा दिवस अजून सांगितला जातो. पुढचं मात्र सहसा सांगितलं जात नाही. काही महिन्यांतच, १७३९ च्या जानेवारीत, त्यांनी रोजनिशीत स्वतःच्या ख्रिस्ती असण्याबद्दलच पुन्हा शंका नोंदवली. ती ऊब गेली होती. आपल्यातल्या कितीजणांना हे ऐकून हायसं वाटेल! ऊब येते, ऊब जाते. वेस्ली यांनी त्यानंतर पन्नासएक वर्षं जे सांगितलं ते स्वतःच्या उबेबद्दल नव्हतं.

बायबलमध्ये दाविदाची गोष्ट याच वळणाने जाते. बथशेबा या परस्त्रीशी केलेल्या व्यभिचारानंतर दाविदाला क्षमेची खात्री कुठून मिळाली? नाथान संदेष्ट्याच्या तोंडून. आधी त्याने गरिबाच्या मेंढरीची गोष्ट सांगून राजाला कोंडीत पकडलं, आणि दाविदाने पाप कबूल करताच, लगेच पुढच्या वाक्यात, देवाने ते दूर केलं असल्याचं सांगितलं. मधे काही प्रायश्चित्त नाही, परीक्षेचा काळ नाही. आणि ते शब्द बाहेरून आले, दुसऱ्या माणसाच्या आवाजात. म्हणून फादरांसमोर गुडघे टेकणं असो की मंडळीने एकत्र पापांगीकार केल्यावर पाळकांनी क्षमेचं अभिवचन वाचून दाखवणं असो, या रीतींना मी नुसते उपचार मानत नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात खात्रीवरून मोठा वाद झाला आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने फाजील आत्मविश्वासाविरुद्ध बजावलं, तर सुधारकांनी वचनावर शंका घेणं हाच देवाचा अपमान मानला. तो वाद आज इथे उकरायचा नाही. क्षमा आपण आपल्याला देऊ शकत नाही, ती कुणीतरी आपल्याला सांगावी लागते, एवढं दोन्ही बाजूंना धरून आहे.

शिवडीत हे दोन्ही पक्ष एकाच दफनभूमीत आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे स्टीव्हन्स तिथे आहेत, गेटवे ऑफ इंडियाचे विटेट आहेत, कवी डॉम मोराइस आहेत, आणि कुणाच्याही लक्षात नसलेली असंख्य माणसं आहेत. शिळांवरची वाक्यं फार ठाम असतात. हा प्रभूच्या ठायी विसावला, ही शांतीत निजली. ही खात्री मेलेल्या माणसाची नसते, मागे राहिलेल्यांनी त्याच्या वतीने दिलेली असते. त्यात ढोंग नाही. जिवंतपणी जे शब्द त्याला स्वतःशी म्हणता आले नाहीत ते इतरांनी दगडात कोरून ठेवले.

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, तिथे फुलं आणि मेणबत्त्या घेऊन गर्दी लोटते. त्या गर्दीत सगळेच काही निव्वळ आठवणीने आलेले नसतात. कुणी आईला शेवटच्या दिवसांत टाकून बोललेला असतो, कुणी बहिणीचे दागिने गहाण टाकून सोडवलेले नसतात. क्षमा करू शकणारं माणूस आता मातीत आहे. देव करेल, पण आईने केली का? इथे पुन्हा दाविदाकडेच जावं लागतं. बथशेबेचा नवरा उरिया दाविदाच्याच आज्ञेवरून मारला गेला होता. त्याच्याकडून क्षमा मिळण्याची वाट दाविदाने स्वतःच बंद केली होती. त्याच्या नावाशी जोडल्या गेलेल्या पश्चात्तापाच्या स्तोत्रात तो हे सगळं पाप देवाविरुद्धचं आहे असं म्हणतो, तेव्हा उरियाला तो विसरलेला नसतो. उरियाचं आयुष्य ज्याच्या मालकीचं होतं त्याच्यापुढे तो उभा असतो. शिवडीच्या थडग्यापाशी उभ्या असलेल्या मुलालाही एवढंच सांगता येईल, की आईचा हिशेब आता तिच्या देवाकडे आहे आणि त्याने तुझ्याविषयीचा निकाल आधीच सांगितला आहे. ते तोंडदेखलं समाधान वाटत असेल तर वाटो. दाविदाकडे याहून जास्त काही नव्हतं, आणि झाल्या गोष्टीचे परिणाम त्याने भोगलेच.

जिवंत माणसांचं मात्र वेगळं. जक्कय जकातदाराने ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देण्याचं कबूल केलं ते येशू आपणहून त्याच्या घरी उतरल्यावर, त्याआधी नव्हे. आधी चुकवून मग पाहुण्याला बोलवायचं ठरवलं असतं तर तो उंबराच्या झाडावरच बसून राहिला असता. ज्याला खात्री मिळाली त्याचा हात खिशाकडे जातो, हा क्रम चर्चमध्ये फारसा शिकवला जात नाही, कदाचित खर्चाचा आहे म्हणून.

चाळीच्या पागडीच्या खोलीवरून भांडलेले दोन भाऊ एकाच दिवशी बापाच्या थडग्यावर येतात, एक सकाळी, एक संध्याकाळी, वेळा ठरवल्यासारख्या चुकवून. दोघांच्याही हातात मेणबत्ती. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन आलेला असताना भावाचं काही आपल्याविरुद्ध आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा, मग परत ये. भाऊ आता बहुतेक नालासोपाऱ्याला राहायला गेलेला असतो, आणि शिवडीहून तिथे जायचं तर हार्बर सोडून वेस्टर्नची गाडी धरावी लागते.